प्रकृती ६१: एका दहाअंकी संख्येच्या नोंदी

२ नोव्हेंबर, रविवार

भाची नववीत आहे. २२ डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिन, त्या दिवशी शाळेत प्रदर्शन, आणि प्रत्येकानं एक संख्या निवडून तिच्यावर तक्ता करायचा. वर्गातल्या निम्म्या मुलांनी रामानुजनांची १७२९ घेतली, बाकीच्यांनी देवळालीच्या कापरेकरांची ६१७४. दोन्ही संख्या मोठ्या मानाच्या, पण तिला आपल्या भागातली हवी आहे. "मामा, आपल्या खान्देशाची एखादी संख्या असते का?"

मी क्षणभरही न थांबता सांगितलं: १७६६३१९०४९.

चाळीसगावपासून अठराएक किलोमीटरवर पाटण आहे. तिथं भास्कराचार्यांच्या नातवानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता. त्या ग्रंथांपैकी 'बीजगणित' नावाच्या ग्रंथात एक प्रश्न आहे: अशी संख्या सांग की तिच्या वर्गाला ६१ नं गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग येईल. सर्वांत लहान उत्तर २२६१५३९८०, आणि त्यातून येणाऱ्या वर्गाचं मूळ १७६६३१९०४९.

आकडा तिनं वहीत उतरवला आणि लीलावतीतल्या स्थानांच्या नावांनी वाचायला सांगितल्यावर बोट ठेवून वाचला: १ अब्ज, ७ अर्बुद, ६ कोटी, ६ प्रयुत, ३ लक्ष, १ अयुत, ९ सहस्र, शून्य शत, ४ दश, ९. आजच्या बोलीत एकशे शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास.

ठरलं असं की उत्तर पाठ करून तक्त्यावर लिहायचं नाही. हातानं काढायचं, आणि मग ती संख्या आतून उघडून बघायची. मी जिनिंगमध्ये हिशेब लिहितो, हंगाम सुरू झालाय, म्हणून आमचे दिवस शनिवार-रविवार.

८ नोव्हेंबर, शनिवार

आधी शेजारपाजार बघितला. प्रकृती, म्हणजे वर्गाला गुणायची संख्या, ६० घेतली तर उत्तर ४ आणि ३१: ६० × १६ + १ = ९६१. प्रकृती ६२ ला ८ आणि ६३: ६२ × ६४ + १ = ३९६९. दोन्ही तिनं पाच मिनिटांत काढली. मग ६१ ला किती वेळ लागेल, असं तिला वाटणं साहजिकच होतं.

कनिष्ठ, म्हणजे जिचा वर्ग गुणायचा ती लहान संख्या, १ पासून ४० पर्यंत घेऊन तिनं कोष्टक केलं. एकही पूर्ण वर्ग नाही. मी थांबवलं नाही, कारण हे हातानं करून कंटाळल्याशिवाय पुढच्या रीतीची किंमत कळत नाही. कोष्टकात ५ ची ओळ मात्र वेगळी उठून दिसली: ६१ × २५ = १५२५, आणि ३९ चा वर्ग १५२१. फक्त ४ चा फरक. तिनं त्या ओळीभोवती चौकट केली. तिला काहीच माहीत नव्हतं आणि नेमकी योग्य ओळ धरली, याचा मला फार आनंद झाला.

नंतर हिशेब केला. सेकंदाला एक या वेगानं न झोपता तपासत गेलं तर २२६१५३९८० पर्यंत पोचायला २६१७ दिवसांहून जास्त लागतात, म्हणजे सात वर्षं आणि दोन महिने. भाची तेव्हा कॉलेज संपवत आलेली असेल.

१०० पर्यंतच्या प्रकृतींमध्ये ६१ चंच उत्तर सर्वांत मोठं आहे. ६१ ला मागे टाकणारी पहिली प्रकृती १०९.

९ नोव्हेंबर, रविवार

आज चक्रवाल, म्हणजे चक्रासारखी पुन्हा पुन्हा फिरवायची रीत. भास्कराचार्यांचेच शब्द वापरायचे ठरवलं: गुणायची संख्या ती प्रकृती, लहान मूळ ते कनिष्ठ, मोठं मूळ ते ज्येष्ठ, आणि ज्येष्ठाच्या वर्गातून कनिष्ठाच्या वर्गाची ६१ पट वजा केल्यावर उरतो तो क्षेप. क्षेप १ वर आणायचा.

सुरुवात अगदी साधी. ज्येष्ठ ८, कनिष्ठ १: ६४ − ६१ = ३, म्हणून क्षेप ३. आता असा गुणक शोधायचा की कनिष्ठाला त्यानं गुणून ज्येष्ठ मिळवला तर क्षेपानं निःशेष भाग जाईल. १, ४, ७, १० असे गुणक चालतात. त्यातला ज्याचा वर्ग ६१ ला सर्वांत जवळ, तो घ्यायचा. ७ चा वर्ग ४९, बारानं कमी. १० चा १००, एकोणचाळीसनं जास्त. म्हणून ७.

नवं कनिष्ठ: (१ × ७ + ८) ÷ ३ = ५.
नवं ज्येष्ठ: (८ × ७ + ६१ × १) ÷ ३ = ३९.
नवा क्षेप: (४९ − ६१) ÷ ३ = ऋण ४.

५ आणि ३९ बघताच तिनं कालचं पान उलटलं. चौकटीतली ओळ! चाळीस ओळी लिहून जे सापडलं होतं ते एका पावलात समोर आलं. बीजगणितात ऋण संख्येवर टिंब देतात, म्हणून तिनं ४ वर टिंब दिलं आणि तक्त्यावरही तसंच द्यायचं ठरवलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

क्षेप ऋण ४ आला की भास्कराचार्य चक्र फिरवत बसत नाहीत. ४ हा २ चा वर्ग, म्हणून दोन्ही मुळांना २ नं भागतात: ज्येष्ठ ३९/२, कनिष्ठ ५/२, क्षेप ऋण १. भाची अडली. "पूर्णांक पाहिजेत ना, मग अपूर्णांक कशाला?" प्रश्न रास्त आहे. वाटेत अपूर्णांक आले तरी मुक्कामाला पूर्णांकच असणार, एवढं धरून पुढे गेलो.

इथून भावना. ही रीत ब्रह्मगुप्तांची, इ.स. ६२८ मधली, म्हणजे भास्कराचार्यांच्याही पाचशे वर्षं आधीची. दोन ओळी एकाखाली एक मांडायच्या. तिरपे गुणाकार (वज्राभ्यास) करून बेरीज केली की नवं कनिष्ठ. ज्येष्ठांचा गुणाकार अधिक कनिष्ठांच्या गुणाकाराची ६१ पट, हे नवं ज्येष्ठ. क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप.

३९/२ ची स्वतःशीच भावना केली: ज्येष्ठ १५२३/२, कनिष्ठ १९५/२, क्षेप १. क्षेप १ आला, पण मुळं अर्धवट.

तिची पुन्हा ३९/२ शी भावना: ज्येष्ठ (१५२३ × ३९ + ६१ × १९५ × ५) ÷ ४ = ११८८७२ ÷ ४ = २९७१८. कनिष्ठ १५२२० ÷ ४ = ३८०५. क्षेप ऋण १. अपूर्णांक गेले!

पडताळा: २९७१८ चा वर्ग ८८३१५९५२४, आणि ६१ × ३८०५ × ३८०५ = ८८३१५९५२५. बरोबर एकानं कमी. आई भाकरी थापत होती, ती उठून बघायला आली, "काय मांडेल शे हाई?" नातीनं तिला दोन्ही आकडे वाचून दाखवले. आईला शेवटचा ४ आणि शेवटचा ५ तेवढे कळले, आणि तेवढंच कळायला हवं होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

शेवटची भावना. २९७१८ ची स्वतःशी.

ज्येष्ठ = ८८३१५९५२४ + ८८३१५९५२५ = १७६६३१९०४९.
कनिष्ठ = २ × २९७१८ × ३८०५ = ५९४३६ × ३८०५.

हा गुणाकार खतावणीच्या कागदावर केला, उभ्या रेघांमुळे रकाने सरकत नाहीत. उत्तर मी पक्क्या वहीत उतरवलं आणि रात्री ताळा करायला बसलो. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ज्येष्ठाचा वर्ग एकोणीस अंकी येतो, तो पडद्यावर मावत नाही; पहिले काही अंक दाखवून बाकीचे गिळतो. आपल्याला तर शेवटचा १ बघायचा आहे. संगणकावरचं हिशेबाचं कोष्टकही पंधरा अंकांपुढे शून्यं भरतं. म्हणून जुना नवाचा ताळा घेतला. ज्येष्ठाच्या अंकांची बेरीज ४६, म्हणजे ९ नं भागून बाकी १. कनिष्ठाची ३६, म्हणजे ०. एकाचा वर्ग १, आणि दुसरीकडे ६१ × ० + १ = १. जुळलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

जुळलं होतं, पण खरं नव्हतं.

आज सकाळी भाचीला अकराचा ताळा शिकवत होतो. उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असं करत जायचं. ज्येष्ठ: ९ − ४ + ० − ९ + १ − ३ + ६ − ६ + ७ − १ = ०. कनिष्ठाची बाकी ४ आली. ४ चा वर्ग १६; ६१ ची अकराला बाकी ६; ६ × १६ + १ = ९७, बाकी ९. एका बाजूला ०, दुसऱ्या बाजूला ९. ती हळूच म्हणाली, "मामा, आठे काई तरी चुकनं."

खतावणीचा कागद काढला. तिथं २२६१५३९८० आहे. पक्क्या वहीत माझ्या हातानं २२६१३५९८० लिहिलं गेलं होतं. ५ आणि ३ ची अदलाबदल. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला ही चूक जन्माची ओळखीची. तेरीज (जमा आणि नावे बाजूंची बेरीज) जुळत नसेल आणि फरकाला ९ नं भाग जात असेल, तर आधी उलटसुलट झालेले अंक शोधायचे, हे मला पहिल्या नोकरीत शिकवलं होतं. इथला फरक १८०००, नवाची पट. शेजारचे दोन अंक उलटले की फरक नेहमी नवाच्याच पटीत येतो, म्हणूनच नवाच्या ताळ्याला ही चूक दिसूच शकत नाही. अंकांची बेरीज तीच राहते. अकराच्या ताळ्यात मात्र एका अंकाला अधिक चिन्ह आणि शेजारच्याला वजा, म्हणून जागा बदलली की बाकी बदलते. नवाच्या ताळ्यावर इतकी वर्षं भिस्त ठेवणाऱ्या मला हे बीजगणितातून नीट समजायला आजचा दिवस उजाडला.

दुरुस्त कनिष्ठाची बाकी ८. ६ × ६४ + १ = ३८५ = ११ × ३५. बाकी शून्य. जुळलं, आणि आता खरं.

याच्यापेक्षा मोठी गोष्ट नंतर लक्षात आली. ज्येष्ठाची बाकी शून्य, म्हणजे १७६६३१९०४९ ला ११ नं भाग जातो! चूक शोधताना पहिला अवयव हाती लागला. भागाकार १६०५७४४५९.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पाटणादेवीला गेलो. जिनिंगला अर्ध्या दिवसाची रजा टाकली. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या पायथ्याशी डोंगराच्या कुशीत चंडिकादेवीचं मंदिर आहे, जवळच दगडी हेमाडपंती महादेव मंदिर. देवदर्शन झालं, डबा खाल्ला, आणि झाडाखाली बसून शिलालेखाचा छापलेला मजकूर वाचला.

लेख शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्यानं भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. बहुतेक लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी आठशे वर्षांपूर्वीच्या मराठीत आहेत, आणि त्या थेट बाजारातल्या आहेत: पाटणच्या पेठेत माल विकला जाईल त्यावरचं राजाचं येणं मठाला, आणि जितके तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाला.

पळीभर तेल. माझं आयुष्य सरकी, रुई आणि गाठींच्या नोंदींत गेलंय. गणिताची शाळा चालवायला घाण्यामागे किती तेल घ्यायचं, हे कुणीतरी दगडावर कोरून ठेवलं, हे वाचताना मला भरून आलं. त्या मठात कुणी ना कुणी तरी ३९ आणि ५ मांडले असणार.

बीजगणितातला तो श्लोक भाचीला अर्थासह सांगितला. आचार्य ऐकणाऱ्याला 'सखे' म्हणतात, ६७ आणि ६१ असे दोन प्रश्न एकत्र विचारतात, आणि म्हणतात की वर्गप्रकृती तुझ्या मनात वेलीसारखी पसरली असेल तर सांग. परत येताना ती गाडीवर मागे बसून ६७ चा पहिला क्षेप काढत होती.

६ डिसेंबर, शनिवार

अवयवांची शोधाशोध. १६०५७४४५९ चे पुढचे अवयव काढायचे आहेत. एकेक मूळ संख्या घेऊन भागत सुटण्याआधी थोडा विचार केला, आणि त्यानं निम्मं काम वाचलं.

शेवटच्या भावनेनुसार आपली संख्या म्हणजे २ × (२९७१८ चा वर्ग) + १. अशा रूपाच्या संख्येला जी विषम मूळ संख्या भाग देते, तिला ८ नं भागलं तर बाकी १ किंवा ३ च राहते. म्हणून ५, ७, १३, २३, २९, ३१, ३७ यांच्या वाटेला जायचंच नाही. उरतात ३, ११, १७, १९, ४१, ४३, ५९, ६७, ७३, ८३ अशा. ३ जात नाही, अंकांची बेरीज ४६. १७, १९, ४१, ४३ नाही. ५९ नं गेला. भागाकार २७२१६०१.

याचं वर्गमूळ १६४९ च्या आसपास, म्हणजे तिथपर्यंत जावं लागणार. यादी अर्धी तिनं घेतली, अर्धी मी. शंभराच्या आसपास भागाकार झाले. मध्ये ताईनं भरीत-भाकरी आणून ठेवली ती गार झाली. संध्याकाळी साडेसातला तिच्या यादीतल्या एका संख्येनं निःशेष भाग गेला. तिनं ती मोठ्यानं वाचली, थांबली, आणि म्हणाली, "मामा, हाऊ आकडा वळखीना दिखस."

१५२३.

वही मागे उलटली. १५ नोव्हेंबर. अपूर्णांकांच्या पायरीवर आलेलं ज्येष्ठ, १५२३/२. जी पायरी आम्ही ओलांडून विसरलो होतो, ती शेवटच्या संख्येच्या पोटात जशीच्या तशी बसलेली.

१७६६३१९०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७.

चौघीही मूळ. चौघींना २४ नं भागून बघितलं, प्रत्येकीची बाकी ११.

७ डिसेंबर, रविवार

रात्री झोप लागली नाही. १५२३ तिथं कसा?

उत्तर सोपं निघालं. ३९/२ ला एक पाऊल म्हणू. १५२३/२ म्हणजे दोन पावलं. २९७१८ म्हणजे तीन. शेवटची संख्या सहा. आम्ही तीन पावलं दुप्पट करून सहावर गेलो. पण दोन पावलं तिप्पट करूनही सहावरच जाता येतं. क्षेप १ असेल तर तिप्पट भावनेचं ज्येष्ठ हे जुन्या ज्येष्ठाच्या घनाची चौपट वजा त्याची तिप्पट असतं. दोन्ही पदांत जुनं ज्येष्ठ आहेच, म्हणून त्यानं भाग जाणारच. मांडलं तर:

१५२३ × (१५२३ चा वर्ग − ३) ÷ २ = १५२३ × ११५९७६३.

आणि ११५९७६३ = ११ × ५९ × १७८७. काल शंभर भागाकार केले, ते एका ओळीत झाले असते. भाचीला वाईट वाटलं नाही. ती म्हणाली, भागाकार केले नसते तर १५२३ भेटला तेव्हाची मजा कुठून आली असती? मला हे पूर्ण पटलं.

हीच गोष्ट खालच्या पायरीवरही खरी: तीन पावलांच्या २९७१८ ला एका पावलाच्या ३९ नं भाग जातो, ३९ × ७६२. आणि कनिष्ठ ३८०५ = ५ × ७६१. ७६२ आणि ७६१, शेजारी शेजारी. २९७१८ नं मात्र शेवटच्या संख्येला भाग जात नाही, बाकी १ राहते, कारण दुप्पट केली की ज्येष्ठ वर्गाच्या दुपटीतून येतं आणि वर एक मिळतो.

संख्येचे दोन्ही शेजारीही उघडून बघितले. १७६६३१९०४८ म्हणजे २९७१८ च्या वर्गाची दुप्पट: २³ × ३⁴ × १३² × १२७². पलीकडची १७६६३१९०५० म्हणजे ३८०५ च्या वर्गाची १२२ पट: २ × ५² × ६१ × ७६१². या दोन शेजाऱ्यांचा गुणाकार केला की ६१ × (२२६१५३९८० चा वर्ग) आपोआप तयार. एकोणीस अंकांचा ताळा करायची गरजच उरत नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

तक्त्याचा इतिहासाचा भाग. थोडकाच ठेवला. १६५७ मध्ये फ्रान्समधल्या फर्मानं हाच प्रश्न ६१ आणि १०९ या प्रकृतींसाठी आपल्या मित्रांपुढे आव्हान म्हणून टाकला. बीजगणित त्याच्या पाचशे वर्षं आधीचं, पण ते फर्माला ठाऊक नव्हतं. पुढे ऑयलरनं समीकरणाला चुकून पेल या इंग्रज गणितज्ञाचं नाव दिलं आणि तेच जगभर रूढ झालं. उत्तर नेहमी सापडतंच, याची सिद्धता लाग्रांजनं अठराव्या शतकात दिली, तीही तक्त्यावर हवी असा माझा आग्रह होता. रीत आधी सापडली हा आपला मान, आणि ती कधीच फसत नाही हे सिद्ध करणं हा त्यांचा. दोन्ही लिहायचे.

१०९ चं ज्येष्ठ पंधरा अंकी आहे: १५८०७०६७१९८६२४९. ते तिनं तक्त्याच्या कडेनं उभं लिहिलं.

ज्येष्ठाला कनिष्ठानं भागलं तर ६१ चं वर्गमूळ मिळतं, आणि चूक एक भागिले दहाचा सतरावा घात यापेक्षाही कमी. यासाठी तक्त्यावर जागा उरली नाही, तोंडी सांगणार आहे.

२१ डिसेंबर, रविवार

तक्ता पूर्ण. काल रात्री रंग भरताना तिनं स्वतःहून एक भागाकार करून बघितला: कनिष्ठ २२६१५३९८० ला दोन पावलांच्या कनिष्ठानं, १९५ नं. भाग गेला. मग ती धावत माझ्याकडे आली. तक्त्याच्या मधोमध, सर्वांत मोठ्या अक्षरांत आता हे आहे:

१७६६३१९०४९ = १५२३ × ११५९७६३
२२६१५३९८० = १९५ × ११५९७६४

७६२ आणि ७६१ सारखेच, पुन्हा शेजारी. हे मला दिसलं नव्हतं. तिला दिसलं.

पायऱ्यांच्या खाली तिनं पाटणच्या मठाबद्दल चार ओळी आणि पळीचं चित्र काढलंय. टेबलावर एक कोरी वही ठेवणार आहे, दोऱ्यानं बांधलेल्या पेन्सिलीसह. पहिल्या पानावर लिहिलंय: प्रकृती ६७. ज्येष्ठ ८, कनिष्ठ १, क्षेप ३, त्यावर टिंब. पुढची पानं रिकामी.